जालिंदर, अर्थिंग मी का केलं

जालिंदर, कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं सरकतोय तोवर आला, चोच मारली, गेला. गुरुजी म्हणाले, समाधानानं गेला माणूस. सगळ्यांना बरं वाटलं. माझं डोकं फिरलं. म्हणजे तुझं काहीच राहिलं नव्हतं. राहिलं ते सगळं माझ्याकडं, आणि तू मोकळा.

तुझी ही जुनी खोड. चहा टाका दाजी म्हणालास, मी टाकला, आणि कप घेऊन बाहेर येईस्तोवर तू खुर्चीत मान टाकलेली. चहा तरी पिऊन जायचास. दोन कप टाकायला लावून असं कुणी जातं का?

पेपरात तुझ्यावर आलंय. प्रयोगशील रॉक गिटारवादक, लेखक, असं बरंच काय काय. फोटोत तू तिशीतला, केस खांद्यापर्यंत. त्यात मी नाही ते चांगलंच आहे. पण हिरा पण नाही. बारावीला दोनदा आपटलेला धाकटा भाऊ तिनं गावाकडनं आणला, कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरावर माझ्याकडनं पत्र्याची खोली चढवून घेतली, त्यात त्याला ठेवला आणि वर्षानुवर्षं दोन वेळा जिन्याखालनं जेवायला हाक मारली. ती बहीण त्या पेपरात कुठंच नाही. तू असतास तर फोन करून त्यांना झापलं असतंस, एवढं मात्र खरं.

आता कामाचं सांगतो. मीनल आली होती. तुझं पुस्तक काढणारी मीनल, मला काका म्हणते आणि तुला 'जे' म्हणायची ती. म्हणाली, "काका, पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय. 'जे' म्हणाले होते, दाजींचा धडा बदलून देतो. दिलाच नाही. आता तुम्ही सांगा, ठेवू का काढू? तुम्हाला त्रास होत असेल तर काढून टाकते."

मी म्हणलं, "विचार करून सांगतो."

"पुढच्या आठवड्यात प्रेसला जातंय, काका."

"सांगतो म्हणलं ना."

त्या धड्याचं नाव तू ठेवलंस 'दाजींनी सा मारला'. त्यात लिहिलंस की तुझ्या जन्माचं सगळ्यात चांगलं काम मी एका दिवसात मातीत घातलं. का घातलं, हे तू मला शेवटपर्यंत विचारत राहिलास. मी सांगितलं नाही, कारण तुझ्या बहिणीला शब्द दिलेला. आता ती नाही आणि तू पण नाहीस. शब्द पाळायचा का मोडायचा हे आठ दिवसांत मी एकट्यानं ठरवायचं. दोघांनी मिळून बरोबर माझ्या गळ्यात टाकून गेलात.

तुझं वाजवणं मला कधी कळलं नाही. हे तुला तोंडावर सांगितलंय, आता पाठीमागं काही वेगळं बोलणार नाही. मी तुर्भ्याला कंपनीत एकतीस वर्षं मोटार वायंडिंग केलं. जळलेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तार वेढे मोजून भरायची, वार्निशात बुडवायची, भट्टीत सुकवायची. आमच्या धंद्यात आवाज म्हणजे रोग. मोटार घुं करायला लागली की समजायचं, बेअरिंग गेलं नाहीतर आत कुठं शॉर्ट आहे. आणि तू माझ्या डोक्यावर बसून मुद्दाम तसले आवाज काढायचास. मी दिवसभर जे बरं करून यायचो ते तू संध्याकाळी पुन्हा आजारी पाडायचास.

लोक गिटार पोटाशी धरतात. तू ती इस्त्रीच्या टेबलावर आडवी टाकायचास, तारांमध्ये सायकलचे आरे खोचायचास आणि वरनं दाढीचं मशीन फिरवायचास. घरातलं उलथनं गायब झालं की समजायचं, वर तालीम चालू आहे.

"जालू, उलथनं टाक खाली," हिरा जिन्यातनं ओरडायची.

"आक्के, दहा मिनिटं."

"थालपीठ काय दहा मिनिटं तव्यावर तुझी गिटार ऐकत बसंल व्हय?"

मग उलथनं वरनं खाली यायचं. कधी दुमडलेलं, कधी नुसतंच तापलेलं. ती पुसायची आणि थालपीठ उलटायची. मी बोलायला लागलो की मला गप करायची. तुला काही बोलायचा हक्क तिनं मला दिलाच नाही.

कारखान्याच्या भिंतींना कान लावायचं तुझं वेड तर विचारूच नये. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत टेपरेकॉर्डर घेऊन पायी फिरायचास. एकदा दुपारी मी डबा उघडतोय तर कंपनीत फोन. तुमचा माणूस इथं धरून ठेवलाय, या. डबा तसाच झाकून गेलो. गेटवर तू खुर्चीत बसलेला, समोर वॉचमन काठी घेऊन.

"ये आदमी दीवार से चिपक के खडा था. चोर है."

"चोर नही है. मेरी औरत का भाई है."

"तो क्या कर रहा था?"

आता काय सांगू त्याला. म्हणलं, "आवाज जमा करता है."

त्यानं माझ्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. "हमारे यहाँ से क्या लिया?"

"कॉम्प्रेसर का," तू म्हणालास. "बहुत अच्छा है आपका."

तो असा खूश झाला, जणू त्याच्या पोराला पहिला नंबर मिळाला. पुढच्या वेळी सरळ गेटवर ये, खुर्ची देतो म्हणाला. माझा अर्धा दिवस गेला, भाजी आंबली, आणि तू वाटेत मला काय विचारलंस, तर "दाजी, तुमच्या कंपनीची भिंत कोणत्या बाजूनं जास्त वाजते?"

पण कॉइल माझी. हे मी सोडणार नाही. तुझ्या गिटारीची पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी ती पट्टी, बंद पडली आणि तसली दुसरी मिळेना. तू तोंड पाडून बसलास. मी ती उघडली. आत बघतो तर काय, चुंबकाभोवती केसासारख्या तारेची कॉइल गुंडाळलेली. म्हणलं हे तर आमचंच काम. रविवारी उंबऱ्यात बसून हाताच्या मशीनवर सहा हजार वेढे भरले, मोटारीला देतो तसं वार्निश दिलं, उन्हात वाळवली. तू वर जाऊन जोडलीस. मग असा एक जाड सूर खाली आला की हिरानं शिलाईचं मशीन थांबवलं आणि छताकडं बघत बसली. तू खाली येऊन माझ्या पायावर डोकं टेकवलंस. पुढं वाशीच्या हॉलमध्ये एका गोऱ्या पाहुण्यानं विचारलं की असला आवाज येतो कुठनं, तेव्हा तू भरल्या गर्दीत माझ्याकडं बोट केलंस. मी मागच्या रांगेत हिराच्या शेजारी, कोरी चप्पल चावत होती म्हणून काढून बसलेलो. सगळे वळून बघायला लागले आणि मी पायानं चप्पल शोधतोय.

ते मी विसरलेलो नाही. धड्यात ते का नाही लिहिलंस? मारलं ते लिहिलंस, जन्माला घातलं ते गिळलंस.

आता त्या घुंचं. वरच्या खोलीला अर्थिंग नव्हतं. ती चूक माझी, पूर्ण माझी. पत्र्याची खोली, खालनं घाईघाईत वायर ओढून दिलेली, तीन भोकांच्या सॉकेटात तिसरं भोक नुसतं नावाला. मी स्वतः वायंडर. कंपनीत दुसऱ्या कुणी असलं काम केलं असतं तर त्याला उभा सोलला असता. घरचं काम म्हणून राहिलं, उद्या करू म्हणून राहिलं. त्यामुळं तुझा ॲम्प्लिफायर लावला की घुं सुरू व्हायची आणि तारेला हात लावला की मुंग्या यायच्या. दुसऱ्यानं तक्रार केली असती. तू म्हणालास, "दाजी, लोक तंबोरा विकत आणतात, मला घरानंच दिलाय." सगळ्या तारा तू त्या घुंवर लावल्यास. तिला घराचा सा म्हणायला लागलास. तिच्यावर पाच तुकडे बसवणार होतास. तीन झालेले, दोन राहिलेले. तुझा तो बँड, सेक्टर एकोणीस, त्यातली पोरं वर येऊन आधी नुसती ती घुं ऐकत बसायची, देवळात बसल्यासारखी.

मग तू चार दिवस पुण्याला कार्यक्रमाला गेलास आणि मी अर्थिंग केलं. मोरीच्या मागं खड्डा खणला, पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं, वायर वर नेली. तू आलास, बटण दाबलंस. खोली गप.

"दाजी, काय केलंत?"

"अर्थिंग."

"का?"

"असायला पाहिजे."

"इतकी वर्षं नव्हतं ते."

"आता आहे."

तू प्लगची तिसरी पिन उपटलीस. मी नवा प्लग लावला. तू परत उपटलीस, मी परत लावला. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. हिरा दारात उभी होती, हात पदराखाली. तू म्हणालास, "आक्के, तू तरी सांग यांना." ती म्हणाली, "ते म्हणतात तसंच असू दे, जालू." तेव्हा तू तिच्याकडं असं बघितलंस, जसं काय तिनंच तुझा गळा दाबला. आणि कामोठ्याला गेलास. तिथं नवी बिल्डिंग, अर्थिंग आधीपासनं पक्कं. मला हे कळल्यावर हसू आलं. हिरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नऊ वर्षं तू फक्त भाऊबीजेला यायचास, अर्धा तास. दोन तुकडे राहिले ते राहिलेच. मग तू वाजवणं कमी केलंस, लिहायला लागलास. आणि पुस्तक आलं. मी सातवी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचतो. माझ्यावरचं सगळं वाचलं. अडाणी लिहिलंस, चालेल, आहेच. जुलमी लिहिलंस, तेही चालेल. पण शेवटी ती ओळ. 'त्याच वर्षी आक्काचं शिलाई मशीनही बंद पडलं. ज्या घरात आवाजाला जागा नाही, त्या घरात बायकांची यंत्रंही मुकी होतात.'

लोकांनी त्या ओळीखाली रेघा मारल्या असतील. मी पुस्तक पिठाच्या डब्यामागं कोंबलं, हिराच्या हाती लागू नये म्हणून. पिठाच्या डब्यामागं. बायकोपासनं लपवायला मला तीच जागा सापडली. तिनं दुसऱ्या दिवशीच काढलं आणि दुपारभर वाचत बसली. मी धास्तावलेला. शेवटी म्हणाली, "जालूचा कान चांगलाय. मशीन बंद झालेलं त्याला कळलं."

"एवढंच?" मी म्हणलं.

"एवढंच."

मला त्या दिवशी तुला कामोठ्यात जाऊन गचांडी धरून सांगावंसं वाटलं होतं. चप्पल घातली पण होती. तिनं नुसतं बघितलं. काढून ठेवली.

ती आजारी पडली तेव्हा तू आलास. हॉस्पिटलच्या फेऱ्या घालता घालता तुझी दाढी पांढरी झाली. त्याबद्दल तुझे उपकार आहेत, ते फिटणार नाहीत. मी म्हातारा एकटा तिला उचलू शकलो नसतो. ती गेल्यावर तू बॅग भरायला लागलास, तेव्हा मी म्हणलं, वरची खोली रिकामीच आहे. तू बॅग वर नेलीस. मग चार वर्षं दोन म्हातारे एका घरात. डाळीत मीठ कुणी टाकलं, कुणी दोनदा टाकलं, गॅस कुणी चालू ठेवला. जगात दुसरं कुणी माझ्याशी इतकं भांडलं नाही. आता भांडायला भिंत आहे.

आणि ते भांडण तर कायमचंच. शेवटचं कधी झालं, आठवतंय तुला? मेथी निवडत बसलेलो आपण.

"दाजी, मीनल मागं लागलीय. धडा बदलायचाय मला."

"बदल की."

"काय लिहू? का केलंत ते सांगा, तसं लिहितो."

"आधी ते मारेकरी बिरेकरी लिहिलंयस ते काढ. मग सांगतो."

"आधी सांगा. मग काढतो."

"आधी काढ."

"मोटारी भरून भरून तुम्ही पण लोखंडाचे झालात."

"मेथी नीट निवड, काड्या टाकतोयस त्यात."

संपलं. एवढ्यावर तू उठून गेलास. खरं सांगू का, त्या दिवशी शब्द माझ्या ओठांवर आलेला. पण तुझ्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवून जिना चढायचास तू तेव्हा, आणि म्हणलं कशाला आता. उगाच. आता वाटतं, सांगायला पाहिजे होतं. परत वाटतं, नाही. हे माझं रोज चालू आहे, सकाळपासनं.

तर ऐक. शब्द मोडतोय.

पुण्याला निघालास त्या सकाळी तू घाईत होतास. ॲम्प्लिफायर बंद केला नाहीस. माझी दुसरी पाळी होती, मी घरी. अकराच्या सुमाराला हिरा वर फरशी पुसायला गेली. मी खाली दाढी करत होतो. वर बादली कलंडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. ओ नाही. तुझी घुं तेवढी चालू.

जिना कसा चढलो माहीत नाही. ती ओल्या फरशीवर बसलेली, उजवा हात तुझ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीला चिकटलेला, तोंड उघडं, डोळे माझ्याकडं. कोपऱ्यात बसायचा पाट होता लाकडी, तो हातावर मारला, तेव्हा सुटली. जीव वाचला. तीन बोटं गेली. दिसायला होती, पण त्यांना काही कळायचं नाही, ना गरम ना टोचलेलं. सुई धरता येईना. शिलाईचं मशीन त्यामुळं बंद पडलं, जालिंदर. माझ्यामुळं नाही. लोकांना तिनं संधिवात सांगितला. भाऊबीजेला ती तुला ओवाळताना ताट दोन्ही हातांनी धरायची, एका हातात राहायचं नाही म्हणून. नऊ वर्षं समोर बसलास. भिंतीमागचा कॉम्प्रेसर ऐकू यायचा तुला, आणि बहिणीचा हात दिसला नाही.

डॉक्टरकडनं येताना रिक्षात ती पहिलं वाक्य बोलली ते हे. "जालूला सांगायचं नाही."

मी म्हणलं, "का नाही सांगायचं? पेटी चालू ठेवून गेला तो."

"म्हणूनच. त्याला कळलं तर ते सगळं गाठोडं खाडीत टाकंल. परत हात लावायचा नाही. दुसरं काय येतंय त्याला? शाळा नाही, नोकरी नाही. एवढं एकच येतंय. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

मी घेतली. काय करणार. पण म्हणलं, उद्याच्या उद्या अर्थिंग करणार, मग तो काय बोंबलायचा ते बोंबलू दे.

ती म्हणाली, "करा. पण तुमच्या नावावर."

ते माझ्या नावावर झालं. तू छापलंस सुद्धा.

अर्थिंग आधी केलं नाही ते माझं, पेटी चालू राहिली ते तुझं. दोघांचं मिळून तिच्या बोटांवर आलं आणि तिनं कुणालाच बोल लावला नाही. माझ्यावर चिडली असती तर मला सोसलं असतं. तुझ्यावर चिडली असती तर फारच बरं झालं असतं. तिनं नुसतं डाव्या हातानं भाजी चिरायला शिकून घेतलं.

आज सकाळी मीनलला फोन केला. म्हणलं, धडा काढायचा नाही. एक अक्षर हलवायचं नाही. त्याला जेवढं कळलं तेवढं तो लिहून गेला, त्यात खोटेपणा नव्हता. मी लिहितोय ते त्याच्या मागं लाव. शुद्धलेखन बघ, बाकी हात लावू नको. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, यात 'जे' वाईट दिसतील."

म्हणलं, "दिसू दे. मी पण दिसतोय. हिरा दिसंल एकदाची."

शपथ मोडली त्याचं मी तिच्याशी बघून घेईन. तुला आता कळलंच आहे, तर तू तिच्यापुढं रडत बसू नको, तिला ते आवडायचं नाही. आणि तिच्या आडनं माझ्याशी बोलायचं पण काही कारण नाही. व्यवहार आपल्या दोघांत ठरला होता, मेथी निवडताना. आधी सांगा म्हणालास, मी अडून बसलो. चूक झाली. आता सांगितलं.

बदल आता.